हुंगून घेतलेले तेल

बॉयलरदादांचे नाक गेले, ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. नाक गेले म्हणजे चेहऱ्यावर ते होते तिथेच होते, सरळ, धारदार, चष्मा नीट पेलून धरणारे. त्याला वास यायचा तेवढा थांबला होता. हाडांत मुरलेला एक ताप बरेच दिवस ठाण मांडून बसला आणि निघाला तेव्हा जाताना वास घेऊन गेला. त्याच्या पाठोपाठ चवही गेली. दादा उठले, चालू-फिरू लागले. भेटायला येणारे म्हणाले, "सुटलात एकदाचे!" आणि दादांनी मान हलवली. परंतु त्यांना सुटल्यासारखे वाटत नव्हते, अडकल्यासारखेही वाटत नव्हते. खरे सांगायचे तर काहीच वाटत नव्हते. दूरगावी राहणाऱ्या मुलाने नातीची पहिली पावले फोनवर दाखवली, तेव्हा दादांनी पाहावे तितका वेळ पाहिले, "छान चालते" असे म्हटले आणि फोन बायकोच्या हाती दिला.

सकाळी डोळे उघडले की ते छताकडे पाहत पडून राहत. उठण्याला कारण लागते, आणि त्यांच्याजवळ ते एकच उरले होते: शेड.

दादांची उभी हयात कारखान्याच्या बॉयलरपाशी गेली होती. तिथेच त्यांना हे नाव पडले आणि निवृत्तीनंतरही ते अंगाला चिकटून राहिले. धाकट्या भावाच्या शेताच्या कडेला त्यांनी पत्र्याची एक शेड उभारली आणि तिच्यात तळून उरलेल्या तेलापासून इंधन करायला घेतले. खानावळींतून काळपट तेलाची पिंपे यायची. ते तेल काही दिवस निवळू द्यायचे, जाड फडक्यातून गाळायचे, मोठ्या टाकीत कोमट करायचे आणि मिथेनॉल नावाच्या स्पिरिटात विरघळवलेला कॉस्टिक सोडा त्यात घालून घुसळायचे. मग टाकीला हात न लावता स्वस्थ बसायचे. तळाशी काकवीसारखे ग्लिसरीन बसे आणि वर सोनेरी, पातळ इंधन तरंगे. ते पाण्याने हलक्या हाताने धुवायचे, सुकवायचे, आणि बाटलीत घेऊन त्यातून पलीकडची अक्षरे वाचता आली तरच कॅनमध्ये भरायचे. मिथेनॉल पेट घ्यायला टपलेले असते. म्हणून शेडच्या आत जाळ येऊ द्यायचा नाही, हा दादांचा पहिला नियम. चुलाण मागच्या भिंतीबाहेर होते. त्यावर पाण्याचा बंब, आणि बंबातले गरम पाणी नळीने आत येऊन टाकीभोवती फिरे.

या इंधनावर धाकट्याचा ट्रॅक्टर चाले, विहिरीवरचा पंप चाले आणि मळणीवाल्याचे यंत्रही चाले. ट्रॅक्टर रस्त्याने गेला की मागून येणाऱ्याला भूक लागे. मळणीवाला म्हणायचा, "दादा, तुमच्या इंधनानं माझं वजन वाढलंय. दिवसभर तळणाच्या वासात उभं राहायचं आणि घरी जाऊन उकडलेलं खायचं, माणसानं जगावं तरी कसं?"

या साऱ्या कारभाराचा पाया होता दादांचे नाक. पिंपाचे झाकण उघडून ते एकदाच हुंगत आणि निकाल देत. यात मासे तळलेत. हे फार वेळा तापवलंय, कॉस्टिक जास्त लागेल. यात कुणीतरी भांडी विसळलेलं पाणी ओतलंय, परत पाठवा. त्यांचा निकाल कधी चुकला नव्हता. धाकट्याने सुरुवातीलाच स्वच्छ सांगून ठेवले होते, "दादा, ट्रॅक्टरवर माझं पोट आहे. तुझ्या नाकाच्या भरवशावर मी हे त्याच्या टाकीत ओततो. ज्या दिवशी भरवसा उडेल, त्या दिवशी शेडला कुलूप. मग रुसायचं नाही."

"रुसायला मी काय नवरी आहे?" दादा तेव्हा म्हणाले होते.

आता ते कुलूप त्यांच्या डोळ्यांसमोर असे. शेडला कुलूप लागले, तर सकाळी पाय जमिनीला टेकवायला काही कारण राहणार नव्हते. याची त्यांना भीती वाटत होती असे म्हणता येणार नाही. भीतीसाठीही अंगात काहीतरी जागे असावे लागते. ते फक्त ठाऊक होते, जसे बंबात पाणी किती आहे हे ठाऊक असते. म्हणून त्यांनी नाकाची उणीव पद्धतीने भरून काढायचे ठरवले. प्रत्येक पिंपातला नमुना ते काचेच्या नळीत घेत, त्यात रंगसूचक द्रव मिसळून थेंबाथेंबाने कॉस्टिकचे पाणी सोडत आणि रंग पालटेपर्यंत थांबत. तेल किती आंबले आहे, हे त्यावरून नाकापेक्षाही बिनचूक कळे. पाणी आहे की नाही हे पाहायला नमुन्याची बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवत. लोकांसमोर मात्र झाकण उघडून पूर्वीसारखेच वाकत, नाकपुड्या फुगवत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "चालेल."

कोणाला संशय आला नाही. निदान दादांची तरी तशी समजूत होती.

त्यांची बायको ग्लिसरिनचा साबण करी. ताप येण्याआधी ती आठवड्यातून एखादी चक्कर शेडकडे मारायची. आता रोज सकाळी बादली घेऊन यायला लागली होती. यायची, पिंपांमधून फिरायची, एखादे झाकण उचलायची, नाक मुरडायची.

"हे तेल मला नको," ती एकदा म्हणाली.

"तुला कुठं हवंय? मला हवंय."

"याच्या ग्लिसरिनचा साबण चांगला होणार नाही."

"तेल अजून टाकीतही गेलं नाही आणि तुला साबण दिसायला लागला?"

"दिसतो मला. परत पाठवा म्हणते ना."

वाद घालण्याइतकी ऊब दादांच्या अंगात नव्हती. त्यांनी पिंप परत पाठवले. असे आणखी एकदा झाले. बायकोला म्हातारपणी साबणाचे वेड लागले आहे, एवढीच नोंद त्यांच्या मनाने घेतली आणि ते पुढच्या कामाला लागले.

मग बायकोच्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि तिच्या सोबतीला जाणे भाग पडले. निघताना बायकोने पिशवी खांद्याला लावली, ती खाली ठेवली आणि पुन्हा आत आली.

"मी येईपर्यंत नवं पिंप उघडायचं नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"अगं, मळणीचे दिवस आहेत."

"जुनं निवळलेलं तेल आहे ना? तेवढ्यावर भागवा. साबणाचं माझं सगळं गणित बिघडतं." दारातून तिने पुन्हा मागे पाहिले. "ऐका हो जरा. आयुष्यात एकदा तरी."

दादांनी मान हलवली. जुने तेल त्यांनी पुरवून पुरवून वापरले. परंतु मळणीवाला रिकामे कॅन खडखडवत दारात उभा राहू लागला. यंत्र उभे आहे, लोक ताटकळले आहेत, दादा, जीव गेला तरी चालेल पण कॅन द्या, असा त्याचा घोशा. तेव्हा दादांनी विचार केला की साबणासाठी मळणी थांबवणे हे काही शहाणपणाचे लक्षण नाही, आणि खानावळीतून नुकतेच आलेले पिंप निवळू न देताच उघडले.

नमुना घेतला. रंग पालटला, तो अगदी थोड्या थेंबांत. तेल आंबलेले नव्हते. बाटलीच्या तळाशी पाणी साचले नाही. दोन्ही चाचण्या निर्मळ. चाचणीला जो प्रश्न विचारावा त्याचेच उत्तर ती देते. न विचारलेले आपण होऊन सांगत नाही. तेल नेहमीपेक्षा थोडे पातळ आहे, हे दादांना ओतताना जाणवले होते. आज ऊन चांगले आहे, म्हणून असेल, असे त्यांनी मनाशी म्हटले. त्यांनी तेल टाकीत सोडले, मागे जाऊन चुलाण पेटवले, आत येऊन स्टुलावर बसले आणि तापमापकाकडे पाहू लागले.

काटा चढू लागला. दादांचे डोके जड झाले. तापानंतर ते अधूनमधून जड होतच असे. डोळ्यांना पाणी आले, ते त्यांनी बाहीने पुसले. शेड हळूहळू दूर सरकल्यासारखी वाटू लागली, पण गेले कित्येक महिने सगळेच दूर होते. त्यात नवे असे काही त्यांना दिसले नाही.

त्याच वेळी धाकटा पंपासाठी कॅन न्यायला आला. उंबऱ्यावर पाऊल ठेवले आणि विंचू चावल्यासारखा मागे उडाला.

"दादा! हे काय आहे?"

"काय काय आहे?"

"वास!"

"कसला वास?" दादांनी विचारले.

तोंडातून शब्द गेले आणि मग त्यांचे त्यांनाच ऐकू आले. धाकटा दाराची चौकट धरून उभा होता. त्याने तोंडावर गमछा दाबला होता आणि त्यावरचे डोळे दादांच्या चेहऱ्यावर खिळले होते. एवढा उग्र वास की दारातल्या माणसाचा श्वास कोंडावा, आणि आत बसलेला माणूस विचारतो, कसला वास!

धाकटा आत घुसला, दादांचा दंड धरला आणि त्यांना ओढत उघड्यावर घेऊन आला. स्टूल कलंडले. मग त्याला मागचा जाळ आठवला आणि त्याने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको," दादा मागून म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "तापलेल्या बंबावर पाणी पडलं तर तो तडकेल. राख टाक. राखेचा डबा डावीकडे आहे."

धाकट्याने राख टाकली. जाळ दबला. दादांनी स्वतः पुढे होऊन चुलाणाचे तोंड पत्र्याने बंद केले, गरम पाण्याची तोटी फिरवली आणि हात झटकले. हे सर्व त्यांनी कारखान्यात शिकवत तसे, क्रमाने केले. धाकटा बघत राहिला आणि मग त्याचा बांध फुटला.

"बंब तडकेल? बंब? अरे, आपण दोघं उडालो असतो! वहिनीला मागे काय सापडलं असतं? न तडकलेला बंब?"

दादांनी राखेचा डबा जागेवर ठेवला.

"थिनर आहे तो. रंगाचा. आत धूर असावा तसा भरलाय. एक ठिणगी भिंतीच्या अलीकडे आली असती ना, तर..." धाकट्याने वाक्य सोडून दिले आणि बांधावर बसला. हळू आवाजात त्याने विचारले, "कधीपासून?"

"तापापासून."

"आणि सगळा हंगाम तू माझ्यासमोर पिंपात तोंड घालून नाटक करत होतास?"

"मी मोजत होतो," दादा म्हणाले. "मोजण्यात चूक नव्हती."

"मोजण्यात चूक नव्हती!" धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला.

तिथूनच त्याने वहिनीला फोन लावला. संताप एकट्याला पेलवत नसला की माणूस दुसरा खांदा शोधतो. फोनचा आवाज मोठा होता. दादांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. धाकट्याने घडले ते सांगितले. दादांनी मनात धरले होते की ती आधी किंचाळेल, मग रडेल, मग बोल लावेल. तिने विचारले ते निराळेच.

"पिंप खानावळीतलं होतं का?"

"हो. का?"

"तिथं रंगकाम चाललंय. इकडे येताना पाहिलं मी. रंगाऱ्यानं ब्रश धुतले असतील आणि ओतलं असेल जवळच्या पिंपात. असलं काही होईल म्हणूनच बजावलं होतं ना मी यांना, मी येईपर्यंत उघडू नका म्हणून! हे बरे आहेत ना? डोकं दुखतंय का, विचार."

धाकट्याने एकदा फोनकडे पाहिले, एकदा दादांकडे.

"वहिनी, तुला माहीत होतं?"



"माहीत होतं," ती म्हणाली.

"वा! म्हणजे मीच एकटा खुळा. नवरा-बायको मिळून माझ्या ट्रॅक्टरला फसवत होतात."

"ट्रॅक्टरला कुणी फसवलं नाही," ती म्हणाली. "त्याच्या पोटात गेलेला थेंबन् थेंब मी हुंगलाय."

धाकट्याने फोन बंद केला, तेल गार झाल्यावर टाकी रिकामी करवली आणि शेडला कुलूप लावले. किल्ली खिशात टाकताना त्याने दादांकडे पाहिले नाही.

पुढचे काही दिवस दादा छताकडे पाहत पडून राहिले. आपल्याला वाईट वाटायला हवे, हे त्यांना समजत होते. बायको रोज सकाळी बादली घेऊन का येत होती; ती दोन पिंपे तिने का परत पाठवायला लावली; साबण कोणी घेईनासे झाले, माळ्यावर वड्यांची चळत लागली, तरी ती साबण का करत राहिली; हे सारे आता एकाखाली एक मांडता येत होते. त्यांनी ते मांडले. बेरीज बरोबर येत होती. बेरजेपुढे जे उमटायला हवे, ते मात्र उमटत नव्हते.

बहीण चालायला लागल्यावर बायको परतली. पिशवी ठेवून तिने आधी त्यांना पाणी दिले, मग समोर बसली.

"तुला कसं कळलं?" दादांनी विचारले.

"भाजीत मीठ घालायला विसरले होते मी. तुम्ही म्हणालात, छान झालीय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणालात! मी म्हटलं, नक्की काहीतरी बिघडलंय यांचं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट घातलं. तेव्हाही छानच."

"मग बोलली का नाहीस?"

ती पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही सकाळी त्या शेडसाठी उठत होतात. माझ्यासाठी नाही, नातीसाठी नाही, तेवढ्याचसाठी. मी बोलले असते तर भावजींनी कुलूप लावलं असतं. मग मी तुम्हाला कशानं उठवलं असतं?"

दादांनी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"पण आता मी दमले," ती म्हणाली. "हुंगण्यानं नाही. चोरून हुंगण्यानं. ग्लिसरीन, ग्लिसरीन करत रोज खोटं बोलायचं, आणि तुम्ही माझ्याकडे बघायचं ते एखाद्या खुळीकडे बघावं तसं. यापुढे हुंगायचं तर उघड. नाहीतर राहू दे ते कुलूप."

संध्याकाळी ती स्वतः धाकट्याकडे गेली आणि त्याला घेऊन आली. धाकट्याचा राग उतरला नव्हता, पण त्या रागाला बसायला जागा सापडली होती. त्याने आपली अट सांगितली. झाकण वहिनी उघडेल. ती हो म्हणेपर्यंत चुलाण पेटणार नाही. आणि दादाने आपल्या तोंडाने, जे जे हे इंधन नेतात त्यांना सांगायचे.

"ते कशाला?" बायको म्हणाली. "मी हुंगणार आहे ना?"

"त्यांच्या यंत्रांना कळायला नको, कुणाच्या नाकावर चाललीत ती? मी फसलो, वहिनी. दुसऱ्यानं फसू नये."

दादा म्हणाले, "बरोबर आहे."

मळणीवाला कॅन घेऊन आला तेव्हा दादा कुलूप काढलेल्या शेडच्या दारात उभे होते. वाक्य त्यांनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवले होते. ते त्यांनी तसेच म्हटले: "मला वास येत नाही. ताप आल्यापासून येत नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

मळणीवाला आधी हसला, मग थांबला. कॅन त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"म्हणजे इतके दिवस मी..."

"इतके दिवस हिनं हुंगलं."

मळणीवाल्याने बायकोकडे पाहिले. तिने कंबरेवर हात ठेवले होते आणि काय म्हणतोस ते म्हण, असा तिचा चेहरा होता.

"वहिनी हुंगणार असतील तर माझी हरकत नाही," तो म्हणाला. "माझी बायको मी कुठं काय खाऊन आलो, तेसुद्धा दारातूनच ओळखते. पण दादा, नवं इंधन झालं की आधी एकच कॅन भरा. दुसरा राहू दे. पाहतो." त्याने मान खाली घातली. "राग मानू नका."

"नाही मानत," दादा म्हणाले. आणि ते खरे होते. पलीकडच्या शेतातला एक पंपवाला मात्र ऐकून घेऊन निघून गेला, आणि परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीतच निवळलेले नवे पिंप आले. धाकट्याने ते शेडबाहेर, उघड्यावर उतरवले, आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. दादा मागच्या भिंतीपाशी चुलाणाजवळ बसले. लाकडे रचून झाली होती. काडेपेटी गुडघ्यावर होती. तिथून पिंप दिसत नव्हते; फक्त झाकण सरकल्याचा पत्र्याचा आवाज ऐकू आला.

मग बराच वेळ काही नाही.

"काय झालं?" दादांनी भिंतीपलीकडे विचारले.

"थांबा हो. नाक आहे, यंत्र नाही."

दादा थांबले. त्यांच्या ध्यानात आले की त्यांनी श्वास रोखून धरला आहे. तेल कसे निघते, याकडे त्यांचे कान लागले होते; एवढेच नव्हे, तर ते वाईट निघू नये असे त्यांना वाटत होते. वाटत होते. त्यांनी त्या जाणिवेकडे जरा संशयाने, बाजूने पाहिले, आणि ती जाईल म्हणून हाताची हालचालही केली नाही.

"मासे," बायकोचा आवाज आला. "पुष्कळदा तळलेलं आहे. थोडं खवट. दुसरं काही नाही."

"नक्की?"

"नक्की. कॉस्टिक जास्त लागेल. पेटवा."

दादांनी काडी ओढली.